रिकाम्या इमारतीचं सांडपाणी

मी इमारती बांधत नाही. बांधून झालेली इमारत खरोखरच बांधून झाली आहे, हे सरकारला पटवून देते. माझ्या पाटीवर 'परवानाधारक अभियंता' असं लिहिलेलं आहे, पण कर्जत-खालापूर भागात मला सगळे इंजिनेरबाई म्हणतात, आणि माझ्याकडे येताना त्यांचा चेहरा दात काढायला आल्यासारखा असतो.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगणं अवघड जातं. चार भिंती उभ्या आहेत, वर स्लॅब आहे, नळ सोडला की पाणी येतं, मग आणखी काय पटवायचं? तर असं, की डोळ्यांना पूर्ण दिसणारी इमारत कागदावर अर्धवटच असते. ती मंजूर नकाशाप्रमाणे बांधली का, चारही बाजूंना मोकळी जागा सोडली का, जिना ठरल्याएवढा रुंद आहे का, पाणी येतं कुठून आणि वापरलेलं जातं कुठे, हे सगळं साहेब येऊन बघतात. त्यांचं समाधान झालं की भोगवटा प्रमाणपत्र मिळतं. तोपर्यंत त्या घरात कुणी राहायचं नाही. हप्ता भरायचा, कर भरायचा, रविवारी येऊन खालून आपली खिडकी बघायची आणि परत जायचं.

या धंद्यात माणसं मात्र नमुनेदार भेटतात. एका गृहस्थांनी पाया खणायच्या आधीच मला विचारलं होतं, दाखला आताच काढून ठेवता येईल का, म्हणजे नंतर धावपळ नको. दुसरे मुंबईचे एक निवृत्त बडे अधिकारी. खालापूरजवळ त्यांनी शेतघर बांधलं आणि त्याच्या मागे एक तलाव. निळ्या टाइल्स, पाण्याखाली दिवे, उतरायला स्टीलची शिडी. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'शेततळे'. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या शिडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कशाला?" गृहस्थ न कचरता म्हणाले, "म्हशींना." आवारात एकही म्हैस नव्हती. पुढच्या तपासणीला त्यांनी दोन म्हशी भाड्याने आणल्या, आणि त्यांतली एक शिडीकडे ढुंकूनही न बघता सरळ पाण्यात उतरली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. शेततळं म्हणून त्याची नोंद झाली. म्हशीने साक्ष दिल्यावर साहेब तरी काय करणार?

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण चौकजवळच्या त्या प्रकल्पाची आठवण आली की मला हसू येतं आणि संतापही येतो, म्हणून ती सविस्तर सांगते.

चौकहून आत, डोंगराच्या पायथ्याशी, तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या. नाव इंग्रजी होतं. डोंगराची कुजबूज असा काहीतरी त्याचा अर्थ निघे. जाहिरातीत धबधबा होता. प्रत्यक्षात एक ओहोळ होता आणि तो खालच्या कातकरी वाडीकडे वाहत जायचा. बिल्डरचं नाव नंदूशेठ. मूळचा इथलाच. आधी वाळू, मग विटा, मग जमिनी आणि शेवटी फ्लॅट, अशी त्याला बढती मिळत गेली. कामाला तसा बरा. भिंतीत सिमेंट घालायचा, आणि हे आमच्याकडे कौतुकाने सांगावं लागतं.

त्याच्या ग्राहकांमध्ये मोहोपाड्याचे बबन भोईर होते. रसायनांच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. कुठलीही वस्तू सहीशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही आणि गेलेली परत आल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांचा खाक्या. मग कारखानाच बंद पडला. कामगारांची वसाहत रिकामी करायचं ठरलं. शेजारपाजारचे निघून गेले, मोकळ्या खोल्यांच्या खिडक्यासुद्धा लोकांनी काढून नेल्या, आणि पाणी कधी येई, कधी येत नसे. भोईरांनी मिळालेला सगळा पैसा नंदूशेठच्या पहिल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घातला होता.

एके दिवशी ते बायकोला घेऊन माझ्याकडे कर्जतला आले. बोलल्या त्या कुसुमबाईच.

"बाई, पोरगी सातव्यात हाय. पयलं बाळंतपण. सासरची मानसं चांगली हायेत, पन पयल्या खेपेला लेक माहेरीच यायची ना? कॉलनीत प्यायला पानी नाय, रात्री सापकिरडू निघतंय. तितं ओली बाळंतीण कशी ठेवू? आनि हितं शेठ चावी देत नाय."

"दाखला आल्याशिवाय तो देऊ शकत नाही," मी म्हटलं.

"मंग दाखला कदी?"

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं आणि मी रोज "लवकरच" म्हणते. त्या दिवशी ते म्हणायची लाज वाटली. मुलीचे दिवस थांबणार नव्हते. मी म्हटलं, "बघते." त्या संध्याकाळी स्कूटर काढून सरळ चौकला गेले.

नंदूशेठ साइटवरच होता. "म्याडम, टेन्शन घेऊ नका, सगला ओके हाय," असं तो नेहमीप्रमाणे म्हणाला. बहुतेक सगळं ओके होतंही. अडलं होतं ते सांडपाण्यावर.

आमच्या भागात गटारांचं जाळं नाही. म्हणून एवढ्या मोठ्या प्रकल्पाला स्वतःचं सांडपाणी स्वतःच साफ करावं लागतं. जमिनीखाली टाक्या असतात. त्यांत संडास-मोरीचं पाणी येतं. एक मोठा पंप, त्याला ब्लोअर म्हणतात, तो त्या पाण्यात सतत हवा फुंकत राहतो. हवेवर जिवाणू पोसतात आणि ते घाण खातात. शेवटी जरा स्वच्छ पाणी उरतं, ते झाडांना घालायचं. व्यवस्था चांगली आहे, मी तिची टिंगल करत नाही. टिंगल करायची ती नियमाची. नियम असा, की तपासणीच्या दिवशी ही यंत्रणा चालू स्थितीत दिसली पाहिजे. म्हणजे टाकीत सांडपाणी पाहिजे, त्यात जिवंत जिवाणू पाहिजेत. आणि दुसरा नियम असा, की दाखल्याआधी इमारतीत एकही माणूस राहता कामा नये.

आता माणसाशिवाय सांडपाणी आणायचं कुठून, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नाही. मी इतक्या वर्षांत अनेक साहेबांना विचारलं. एक म्हणाले, "तो तांत्रिक प्रश्न आहे." दुसरे म्हणाले, "तो धोरणात्मक प्रश्न आहे." तिसऱ्यांनी चहा मागवला.

यंत्रणा बसवणाऱ्या माणसाने उपाय सांगितला, शेण आणि गूळ. यात गंमत काही नाही, जिवाणूंची सुरुवात सगळीकडे तशीच करतात. नंदूशेठने टेंपोभर शेण आणि गुळाच्या ढेपा आणल्या. भूमिपूजनाला सुद्धा त्याने इतकं गोड वाटलं नव्हतं. टाकी फसफसली, सगळे खूश झाले, आणि आठवड्याभरात सगळं थंड पडलं. जिवाणूंना रोज खायला लागतं आणि ते द्यायला इमारतीत कुणी नव्हतं. मग त्याने हायवेवरच्या ढाब्यांची टाकी उपसणारा टँकर वळवून आणला. त्या मैल्यात तर्री इतकी, की टाकीवर लाल तवंग आला आणि उरलेसुरले जिवाणूही गेले.

"म्याडम, आता काय मीच येऊन बसू काय रोज?" नंदूशेठ वैतागून म्हणाला.

"तुमच्या एकट्याने भागणार नाही," मी म्हटलं. "पूजा घाला."

"कसली?"

"सत्यनारायणाची. सगळा गाव बोलवा. जेवण घाला, मठ्ठा भरपूर ठेवा, आणि तिन्ही इमारतींचे सगळे संडास उघडे ठेवा."

हळूहळू त्याचा चेहरा उजळला. पूजेला नियमाची आडकाठी नसते. ती बांधकाम चालू असतानाही घालतात.

पूजा झाली आणि काय झाली! गावातली माणसं, वाडीतली माणसं, चौकच्या गॅरेजमधले मेकॅनिक, मोहोपाड्याच्या वसाहतीतले उरलेसुरले सगळे. मसालेभात, वालाचं बिरडं, जिलेबी आणि पिंपांनी मठ्ठा. भटजी पोथी वाचत होते आणि नंदूशेठ जिन्याच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला आग्रह करत होता. जगात एवढा आग्रह कुणी जिलेबीचाही केला नसेल. अडचण केली ती म्हाताऱ्यांनी. जेवण उरकलं की ते शांतपणे शेताकडे चालू लागत.

"आजोबा, तिकडं कुटं? वर चला ना, टाइल्सचा हाय, नवा हाय!" नंदूशेठ मागे धावत होता.

"नको रं बाबा. तितं कोंडल्यावानी व्हतं."

"अवो, पंखा लावलाय आतमदी!"

मी मात्र मागच्या बाजूला टाकीच्या झाकणाशी उभी राहून पाइपचा आवाज ऐकत होते. इतकी वर्षं नोकरीधंदा केल्यावर माणसाला कसल्या कसल्या आवाजांचा आनंद होतो, हे तरुण इंजिनिअरांनी वाचून ठेवावं.

भोईर कुटुंबही पूजेला आलं होतं. मुलगी, ज्योत्स्ना, आता आठवा लागलेली, पाय सुजलेले. कुसुमबाई तिला आपला फ्लॅट दाखवून आणते म्हणाल्या. मी म्हटलं, दाखवा आणि चावी ऑफिसात परत द्या. संध्याकाळी फळीवर सगळ्या चाव्या जागच्या जागी होत्या. मी मोजून पाहिल्या आणि समाधानाने घरी गेले.

तपासणी त्यानंतर चार दिवसांनी झाली. आले ते जगतापसाहेब. तरुण, देशावरचे, नवीन बदली झालेले, आणि प्रामाणिक. प्रामाणिक साहेब आला की आमची पंचाईत होते, कारण त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. त्यांनी जिना मोजला, मोकळी जागा मोजली, लिफ्टमधून वर गेले, जिन्याने खाली आले. बोलले फारच थोडं. शेवटी सांडपाण्याच्या टाकीपाशी आले. मी झाकण उघडलं. ब्लोअर घरघरत होता आणि आत तपकिरी पाण्यावर बुडबुडे नुसते नाचत होते.

जगतापसाहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "इमारतीत कुणी राहत नाही म्हणता. मग हे आलं कुठून?"

मी पूजेचं सांगितलं.

"पूजा चार दिवसांपूर्वी झाली. चार दिवस उपाशी राहिलेली टाकी अशी दिसते?"

खरं तर मलाही ते कोडंच होतं. टाकी इतकी टवटवीत असायला नको होती. नंदूशेठ मध्येच म्हणाला, "साहेब, सत्यनारायनाची कुरपा."

"हे बघा," जगतापसाहेब म्हणाले, "यंत्रणा चालू नसती तर मी दाखला देऊ शकलो नसतो. आणि चालू आहे याचाच अर्थ इथे कुणीतरी राहतंय. तसं असेल तरी मी देऊ शकत नाही."

माझ्या अख्ख्या व्यवसायाचं सार त्या माणसाने इतक्या थोडक्यात सांगितलं, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण माझ्या डोळ्यांसमोर ती सुजलेल्या पायांची पोरगी होती. मी वाद घालायला तोंड उघडणार, तोच साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी पोटावर हात ठेवला. येताना चौकला मिसळ खाल्ली होती.

"इथे... वॉशरूम कुठे आहे?"

आता मला सांगा, मी काय उत्तर द्यावं? मी हात जोडून म्हटलं, "साहेब, दाखल्याआधी वापर करायचा नाही. आपल्याच पत्रात आहे."

"मजुरांचं असेल ना?"

"तपासणीआधी तात्पुरती बांधकामं पाडून टाकावीत, हेही आपल्याच पत्रात आहे. पाडली."

मला वाईट वाटलं पाहिजे होतं. खोटं कशाला बोलू, वाटलं नाही. अख्खी कारकीर्द मी त्या दोन वाक्यांसाठीच थांबले होते की काय, असं वाटलं. साहेबांना घाम फुटला. त्यांनी दूरवरच्या झाडीकडे पाहिलं, मग आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

"अवो बाई, कशाला त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवलंय? साहेब, वर या. बादली भरून ठेवलीय, साबन बी हाय."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कुसुमबाई उभ्या होत्या. हातात कालथा.

नंदूशेठने कपाळावर हात मारला. मी डोळे मिटले. साहेब मात्र दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. त्या क्षणी त्यांनी वर कोण आणि का राहतंय याची चौकशी केली नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते.

आम्हीही मागोमाग वर गेलो. खोलीत गादी, गादीवर ज्योत्स्ना, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर भात. पूजेच्या दिवशीच वसाहतीचं पाणी कायमचं बंद झालं होतं. भोईरांनी चौकला दुसरी चावी करून घेतली होती आणि पहिली फळीवर लावली होती. चार दिवस तिघं तिथे राहत होती. जिवाणू का टवटवीत होते, हे मला तेव्हा कळलं. वसाहतीतली आणखी चार घरंही पाण्यासाठी गुपचूप इथेच येऊन आंघोळी आणि बाकीचं उरकून जात होती, तेही बबनरावांनी खाली मान घालून सांगितलं.

जगतापसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा रंग परत आला होता. कुसुमबाईंनी त्यांच्या हातात लिंबाचं सरबत दिलं. त्यांनी ते घेतलं, खोलीभर नजर फिरवली आणि ज्योत्स्नाकडे पाहून ती खाली वळवली.

"तुम्ही इथे राहता?" त्यांनी विचारलं.

बबनराव काहीतरी जुळवाजुळव करू लागले. कुसुमबाईंनी त्यांना थांबवलं. "राहतो साहेब. घर आमचं हाय. पैसं दिलेत. पोरगीला कुटं ठेवायची, तुमीच सांगा."

"मी खोटं लिहिणार नाही," साहेब म्हणाले.

"नका लिहू. कोन सांगतंय?"

साहेब माझ्याकडे वळले. हरलेल्या माणसाने गप्प बसावं, एवढं मला कळतं. त्यांनी पॅड उघडलं आणि उभ्यानेच लिहिलं: एक सदनिका विनापरवाना वापरात, त्याबद्दल दंड; बाकी इमारत रिकामी; सांडपाणी यंत्रणा चालू. मग म्हणाले, "घर रिकामं करा म्हणून नोटीस द्यावी लागेल. दंड भरला आणि रिकामं झालं की दाखला."

ज्योत्स्ना रडायला लागली. कुसुमबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना विचारलं, "नोटीस हातात देनार?"

"नाही. टपालाने जाईल. खरेदीच्या करारावर जो पत्ता आहे, त्याच पत्त्यावर पाठवायची, असा नियम आहे." साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "काय पत्ता आहे तुमचा करारावर?"

बबनरावांनी वसाहतीतल्या खोलीचा नंबर सांगितला. त्या खोलीचं आता दारही शिल्लक नव्हतं.

"बरोबर. तिथेच जाईल," साहेब म्हणाले. "मिळाल्यापासून मुदत सुरू होते." आणि सरबत संपवून ते निघून गेले. मी जिन्यात उभी राहून विचार करत होते, की नियमात एवढी माणुसकी लपवता येते हे मला निवृत्तीच्या तोंडाशी शिकावं लागलं.

नोटीस गेली, ती बंद वसाहतीच्या फाटकावरून परत आली, पुन्हा गेली, पुन्हा परत आली. त्या दरम्यान ज्योत्स्नाला मुलगी झाली आणि बाळबाळंतीण दवाखान्यातून त्याच घरी आली. दंड नंदूशेठने भरला आणि भोईरांच्या देखभाल खर्चात लावला. मग भोईरांनी एका दिवसापुरतं घर रिकामं करून दाखवलं आणि दाखला आला. लोक राहायला आले, गॅलऱ्यांतून दोऱ्या बांधल्या गेल्या, लिफ्टमध्ये पहिलं भांडण झालं. मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आले. एरवी दाखला मिळाला की मी त्या इमारतीकडे फिरकत नाही, आणि त्याची मला खंत आहे. इतकी घरं मी लोकांना राहण्यासारखी ठरवून दिली, पण त्यांत माणसं कशी राहतात हे फारसं पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी कुसुमबाईंचा फोन आला.

"बाई, वास येतोय वो. बारीक पोर हाय घरात, खिडकी उघडता येत नाय. आनि वाडीवरच्या बाया वरडत आल्यावत्या. त्यांच्या ओहोळात सगली घान चाललीय. त्या तितं कपडे धुतात."

मी नंदूशेठला फोन लावला. "म्याडम, ब्लोअर दुरुस्तीला गेलाय," तो म्हणाला. "येल आठ दिसांत." आठ दिवसांनीही तो दुरुस्तीलाच होता. मी जगतापसाहेबांना विचारलं. ते खरोखर अवघडून म्हणाले, "बाई, दाखला दिला की आमचं काम संपतं. आता ते खातं वेगळं." वेगळ्या खात्याने अर्ज घेतला आणि पोच दिली. म्हणजे बघा, त्या इमारतीत कुणी राहत नव्हतं तेव्हा शेण, गूळ, टँकर, सत्यनारायण सगळं करून यंत्रणा चालवली. आणि माणसं राहायला आली तेव्हा ती बंद. मला स्वतःच्या सहीचा राग आला. सही खोटी नव्हती, म्हणून जास्तच राग आला.

त्याच महिन्यात नंदूशेठची कर्जतजवळची दुसरी इमारत तपासणीला लागली. ती फाईलही माझ्याकडेच होती. मी पोचले तेव्हा जगतापसाहेब आले होते, मोजमापं उरकली होती. आम्ही टाकीपाशी गेलो. ब्लोअर घरघरत होता, बुडबुडे येत होते. या खेपेला नंदूशेठने महाप्रसाद घातला होता. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "बगा साहेब, सिस्टीम एकदम ओके."

मी त्या ब्लोअरकडे बघत होते. हिरवा रंग, एका बाजूला पोचा, पट्ट्यावरची जाळी तारेने बांधलेली. ही तार चौकला मी स्वतः बांधून घेतली होती. मी नंदूशेठकडे पाहिलं. तो झाडांकडे बघायला लागला.

मी काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून एक टेंपो आत आला. पुढे ड्रायव्हरशेजारी कुसुमबाई बसल्या होत्या, मागे बबन भोईर आणि चौकच्या इमारतीतली चार दणकट माणसं. हाच टेंपो महिन्यापूर्वी ब्लोअर घेऊन इथे आला होता, आणि चौकला चहा पिताना ड्रायव्हरने सहज ते बबनरावांना सांगितलं होतं. स्टोअरकीपरला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

कुसुमबाई खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, बरं हाय ना पोट आता?"

जगतापसाहेब कानापर्यंत लाल झाले. तोवर त्या चौघांनी पान्हे काढले होते. एकाने बटण बंद केलं. घरघर थांबली, बुडबुडे एकेक करून मावळले आणि टाकी गप्प झाली.

"ए, ए, काय चाललंय? कोनाला विचारून?" नंदूशेठ ओरडत धावला.

बबनराव त्याच्या समोर उभे राहिले. "शेठ, दुरुस्तीला गेलावता ना ब्लोअर? झाली दुरुस्ती. आता चालतोय चांगला, आमी ऐकला. न्यायला आलो."

"साहेब, तुमच्या समोर चोरी चाललीय!"

जगतापसाहेबांनी पॅड उघडलं. त्या टाकीकडे पाहिलं, टेंपोकडे पाहिलं. "कुणाचा आहे तो ब्लोअर?" त्यांनी विचारलं. "चौकच्या प्रकल्पाचा असेल तर तसं सांगा. मला लिहावं लागेल. इथला असेल तर चौकचा कुठे आहे तेही लिहावं लागेल."

नंदूशेठ माझ्याकडे वळला. "म्याडम, अवो तुमी तरी काय बोला ना! फाईल तुमची हाय!"

चौघांतला एक जण खालच्या नटाशी केव्हाचा झटत होता. नट फिरत नव्हता, कारण त्याने पान्हा उलटा लावला होता. मी पर्स खांद्यावर अडकवली, पुढे झाले आणि बोलले.

"पान्हा काढ रे. खालून घाल, आणि डावीकडे फिरव."